रक्तदाब दोघांचाही मोजावा

गाव धानाचे. दिवस रोवणीचे. वरून पाऊस, खाली चिखल. समजा, एका बांधीत नवरा-बायको दोघे राबत आहेत. नवरा पन्नाशीचा. बायको त्याच्याहून चार-पाच वर्षांनी लहान.

एकाएकी नवऱ्याच्या छातीत कळ येते. तो धुऱ्यावर बसतो. त्याला दरदरून घाम फुटतो. लगेच आरडाओरड होते. कोणी फोन लावतो, कोणी मोटारसायकल आणतो, कोणी पैसे जमवतो. तासाभरात तो दवाखान्याच्या वाटेला लागतो. हे चांगलेच झाले. असेच व्हायला पाहिजे.

आता दुसरी गोष्ट पाहू. त्याच बांधीत बायकोला बरे वाटत नाही. कळ अशी येत नाही, पण छातीत जड जड वाटते. दम लागतो. पाठ दुखते. मळमळते. ती म्हणते, "अवो, मले कसंतरीच होऊन रायलं."

नवरा म्हणतो, "सकाळपासून उपाशी हायेस. पित्त झालं असन. घरी जाऊन पडून राय."

घरी सासू म्हणते, "गॅस झाला असन माय. ओवा खाय."

ती ओवा खाते. जरा वेळ पडते. संध्याकाळी उठते, चूल पेटवते, सगळ्यांचा स्वयंपाक करते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच होते. तिसऱ्या दिवशी कोणी म्हणते, बाहेरचे काही लागले असेल, पुजाऱ्याला दाखवा. चौथ्या दिवशी तिला उचलून दवाखान्यात नेतात. डॉक्टर तपासतात आणि विचारतात, "इतका उशीर का केला?"

घर एक. बांधी एक. दोघांचे दुखणेही एकच. मग एकाला तास लागला आणि दुसरीला चार दिवस का लागले? या चार दिवसांबद्दल आज आपण बोलू.

रक्तदाब म्हणजे काय?

आपले हृदय म्हणजे एक पंप आहे. ते आपल्या मुठीएवढे असते. मिनिटाला साधारण ७० वेळा ते दाबले जाते आणि सुटते. दिवसभरात असे एक लाखाच्या आसपास ठोके पडतात. आपण झोपतो तेव्हाही ते थांबत नाही. हा पंप रक्त ढकलतो. ते रक्त नळ्यांतून डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत जाते. या नळ्यांना रक्तवाहिन्या म्हणतात.

नळीतून जाताना रक्त नळीच्या भिंतीला आतून दाबते. त्या दाबाला रक्तदाब म्हणतात. आपण त्यालाच बीपी म्हणतो. बांधीत पाणी भरले की ते धुऱ्याला दाबते, तसेच हे आहे. दाब पाहिजेच. दाब नसेल तर रक्त मेंदूपर्यंत चढणार नाही. पण तो बेताचा पाहिजे.

दंडाला पट्टा बांधून बीपी मोजतात. त्यात दोन आकडे येतात. हृदय दाबले जाते त्या वेळचा दाब म्हणजे वरचा आकडा. हृदय सैल होते त्या वेळचा दाब म्हणजे खालचा आकडा. वरचा १२० च्या आत आणि खालचा ८० च्या आत असला तर उत्तम. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा जास्त आला, किंवा खालचा ९० किंवा जास्त आला, तर बीपी वाढला असे समजतात. दोन्हींपैकी एक आकडा वाढलेला असला तरी पुरे.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बीपी वाढला तरी बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. माणूस नांगर धरतो, बाई डोक्यावर सरपणाचा भारा आणते. दोघांनाही वाटते, आपण ठणठणीत आहोत. आत मात्र दाब वाढलेला असतो. म्हणून बीपी अंगावरून ओळखता येत नाही. चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. तो मोजावाच लागतो.

धुरा फुटतो किंवा पाट अडतो

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे जुने मालगुजारी तलाव आहेत. तलावाच्या पाळीवर वर्षानुवर्षे जास्त दाब पडला तर काय होते? पाळ खचते. एखाद्या रात्री फुटते. पाटात गाळ साचला तर काय होते? पाट अडतो आणि खालची बांधी सुकते.

शरीरात हेच दोन प्रकार होतात. मेंदूतली नळी फुटली किंवा अडली तर लकवा मारतो. हृदयाला रक्त पुरवणारी नळी अडली तर हार्ट अटॅक येतो. त्याखेरीज वाढलेला बीपी मूत्रपिंडे खराब करतो आणि डोळ्यांची नजरही कमी करतो.

कोणी म्हणेल, हा शहरातल्या लोकांचा रोग आहे. बसून खाणाऱ्या शेटजींचा रोग आहे. आपण कष्ट करतो, आपल्याला कसा होईल? आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट ऐका.

गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' नावाची संस्था आहे. डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग यांनी ती उभी केली. या संस्थेने २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांत एक पाहणी केली. गावात कोणी वारले की घरी जाऊन विचारायचे, मरण कशाने आले? त्या दोन वर्षांत १,५९९ माणसे वारली. त्यांतली २२९ माणसे लकव्याने गेली. दुसऱ्या कोणत्याही एका रोगाने इतकी माणसे गेली नाहीत. हिवतापाने नाही, क्षयाने नाही, सापाने नाही. लकव्याने सर्वांत जास्त गेली. आणि लकव्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वाढलेला बीपी.

आता त्या २२९ माणसांत पुरुष किती आणि बाया किती? ११८ पुरुष आणि १११ बाया. म्हणजे जवळजवळ निम्मे-निम्मे. रोगाने पुरुष आणि बाई असा भेद फारसा केला नाही.

आणखी एक आकडा आहे. या २२९ पैकी २०० माणसे घरीच वारली. दहांतली जवळजवळ नऊ. दवाखान्यात शेवटचा श्वास घेणारी फार थोडी. रोग मोठा, पण दवाखाना दूरच राहिला.

डॉक्टर अभय बंग यांची स्वतःची गोष्टही पुष्कळांना ठाऊक आहे. ते साधे राहणारे, खेड्यात काम करणारे. तरी ऐन चाळिशीत त्यांना हृदयविकार झाला. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले आणि ते महाराष्ट्रभर वाचले गेले. सांगायचे असे की, हा रोग कोणाची जात, काम किंवा शिक्षण पाहून येत नाही.

बाईच्या आणि पुरुषाच्या शरीरात काय फरक आहे?

थोडा फरक आहे. तो समजून घेतला पाहिजे.

तरुणपणी बीपी आणि हृदयविकार पुरुषांत जास्त दिसतात. बाईची पाळी चालू असते तोवर तिच्या शरीरातल्या काही रसांमुळे रक्तवाहिन्या लवचीक राहायला मदत होते. पाळी गेली की ही मदत कमी होते. मग बाईचा बीपी वाढू लागतो आणि म्हातारपणी ती पुरुषाला गाठते. म्हणून "बाईला हृदयविकार होत नाही" हा समज खोटा आहे. तिला बहुधा काही वर्षे उशिरा होतो, एवढेच.

दुसरा फरक गरोदरपणाचा. काही बायांचा बीपी पोटुशी असताना वाढतो. डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंडावर आणि हातांवर सूज येते. वेळीच उपचार झाला नाही तर झटके येतात. आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. बाळंतपणानंतर बहुतेकींचा बीपी खाली येतो. घरचे म्हणतात, सुटलो. पण गोष्ट तिथे संपत नाही. ज्या बाईचा बीपी गरोदरपणात वाढला होता तिला पुढे कायमचा बीपी, लकवा आणि हृदयविकार होण्याचा धोका इतर बायांपेक्षा जास्त असतो. म्हणून तिने दरवर्षी बीपी मोजावा. कोणत्याही डॉक्टरकडे गेली तरी सांगावे, "माझ्या बाळंतपणात बीपी वाढला होता." हे वाक्य वीस वर्षांनीसुद्धा सांगावे.

तिसरा फरक औषधांचा. पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांनी काही बायांचा बीपी वाढतो. म्हणून त्या गोळ्या सुरू करण्याआधी बीपी मोजून घ्यावा. तसेच बीपीच्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला चालत नाहीत. बीपीची गोळी खाणाऱ्या बाईला दिवस गेले, किंवा मूल हवे असेल, तर लगेच डॉक्टरला सांगावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टर ती बदलून देतात.

चौथा फरक खुणांचा. हार्ट अटॅक आला की छातीत दुखते. हे पुरुषात होते आणि बाईतही होते. पण बाईमध्ये दुसऱ्या खुणा जास्त वेळा दिसतात. दम लागतो. मळमळ किंवा उलटी होते. पाठ, खांदा किंवा जबडा दुखतो. अंगातली सगळी शक्ती गेल्यासारखी वाटते. या खुणा पाहून आपण म्हणतो, पित्त झाले. अशक्तपणा आला. कामाचा शीण आहे. आणि चार दिवस जातात.

यात फक्त आपलीच चूक आहे असे नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनीही ही चूक केली आहे. अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला. ॲस्पिरिन नावाच्या गोळीने हार्ट अटॅक टळतो का, हे पाहायचे होते. त्याचा निकाल १९८९ साली छापून आला. त्या प्रयोगात २२,०७१ माणसे होती. सगळे पुरुष. एकही बाई नव्हती. बाईचे हृदय तपासलेच नाही, तर तिचे दुखणे डॉक्टरला तरी कसे ओळखू येणार? १९९१ साली बर्नाडिन हीली नावाच्या डॉक्टरबाईंनी यावर जाहीरपणे लिहिले. बाईचा रोग पुरुषाच्या रोगासारखा दिसला तरच तिला पुरुषासारखा उपचार मिळतो, असा त्यांचा आक्षेप होता. त्यानंतर हळूहळू डॉक्टर लोक बाईच्या हृदयाकडे वेगळे लक्ष देऊ लागले.

घरातला फरक

शरीरातला फरक थोडा आहे. घरातला फरक मोठा आहे.

आपल्या घरी बाई शेवटी जेवते. तशीच ती दवाखान्यातही शेवटी जाते. आधी पोराचा ताप, मग नवऱ्याची कंबर, मग सासऱ्याचा खोकला. पैसे उरले, वेळ उरला, सोबत मिळाली, तर तिचे दुखणे. बहुतेक वेळा काहीच उरत नाही.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे. डॉक्टर राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या. हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. शंभरांतल्या ९२ बायांना बायकांच्या आजारांपैकी काही ना काही आजार होता. पण त्याआधी अशी तपासणी झालेल्या बाया शंभरांत फक्त ८ होत्या. बाकीच्या सोसत होत्या. कोणी विचारले नाही, म्हणून त्यांनी सांगितले नाही. तो अभ्यास हृदयाचा नव्हता. पण सोसण्याची सवय तीच आहे.

दूर जायचे असले की बाई आणखी मागे राहते. दिल्लीला एम्स नावाचे मोठे सरकारी हॉस्पिटल आहे. तिथे २०१६ साली तपासणीला आलेल्या लाखो रोग्यांची मोजणी झाली. दिल्लीतल्याच रोग्यांत दर १०० बायांमागे १४१ पुरुष होते. बिहारातून आलेल्या रोग्यांत दर १०० बायांमागे २३७ पुरुष होते. वाट जितकी लांब, तितक्या बाया कमी. बिहारातल्या बाया कमी आजारी पडतात असे नाही. त्यांना कोणी आणले नाही.

आता आपला नकाशा डोळ्यांपुढे आणा. हृदयाच्या मोठ्या उपचारासाठी पुष्कळांना नागपूर गाठावे लागते. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सिरोंचा, भामरागडहून जवळजवळ दुप्पट वाट. मध्ये जंगल, नाले, पावसाळ्यात पूर. अशा वाटेवर घरचे कोणाला नेतील आणि कोणाला "जरा थांब" म्हणतील? आपण आपल्या मनाला विचारून पाहावे.

आम्ही हे कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. पुष्कळदा बाई स्वतःच म्हणते, "मी गेली तर चूल कोण पाहील? गायीले पाणी कोण पाजील?" तिला लाजही वाटते. हृदयाची पट्टी काढताना छातीवर तारा लावतात, पोलके सैल करावे लागते. पुरुष डॉक्टर असला की ती नको म्हणते. यावर उपाय सोपा आहे. "सिस्टरबाईंना जवळ उभ्या राहू द्या" असे सांगावे. पडदा लावा म्हणावे. असे मागण्यात वावगे काही नाही. पण पट्टी काढल्याशिवाय परत येऊ नये.

पुरुषांचीही चूक आहे

पुरुष मंडळींनी असे समजू नये की आपले सगळे ठीक आहे. बाईचा बीपी निदान गरोदरपणात तरी मोजला जातो. सिस्टर मोजते, कार्डावर लिहिते. पुरुषाला असा प्रसंगच येत नाही. तो दवाखान्यात जातो तो पाय मोडला किंवा साप चावला तर. आपला बीपी कधीच मोजला नाही अशी माणसे देशभर पुरुषांतच जास्त आहेत.

२०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर घरोघरी पाहणी केली. पंधरा वर्षांवरच्या दर १०० पुरुषांत २४ जणांना आणि दर १०० बायांत २१ जणींना वाढलेला बीपी होता, किंवा त्यासाठी गोळी चालू होती. म्हणजे पुरुष काकणभर पुढेच. तरी तो म्हणतो, "मले काय झालं? मी तर एकदम फिट्ट आहो."

गोळी सुरू झाली तरी पुरुष ती लवकर सोडतो. "बरं वाटते, आता कायले खाऊ?" म्हणतो. बरे वाटते ते गोळीमुळे. धुऱ्याची डागडुजी केली म्हणून पाणी थांबले. डागडुजी सोडली की धुरा पुन्हा खचणार. गोळीची सवय लागते म्हणून भिऊ नये. रोज भात खातो, त्याला आपण वाईट सवय म्हणतो का?

म्हणजे बघा, दोघांचीही चूक वेगवेगळी आहे. पुरुष मोजून घेत नाही. बाईला कोणी नेत नाही. नुकसान एकाच घराचे होते.

बीपी कशाने वाढतो?

वय वाढले की बीपी वाढतो. आई-बापाला असला तर मुलांना होण्याचा धोका जास्त. या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. बाकीच्या पुष्कळ आहेत.

मीठ. एका माणसाला दिवसभरात चहाचा एक लहान चमचा मीठ पुरे. भाजीतले, चटणीतले, लोणच्यातले, पापडातले, सुक्या मासळीतले, सगळे मिळून एवढेच. घरात भाजी सगळ्यांची एकच शिजते. म्हणून मीठ कमी करायचे तर सगळ्यांनी करावे. "बुढ्याले बीपी हाय" म्हणून त्याची भाजी वेगळी, आणि बुढीला बीपी असला तर ती सगळ्यांचीच खारट भाजी खाते, असे होऊ नये.

तंबाखू. आपल्या भागात खर्रा फार. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पुरुष खातात, बाया खातात, पोरेही खातात. पुष्कळ बाया नस किंवा गुडाखू दातांना लावतात. त्याला त्या व्यसन मानत नाहीत. पण तंबाखू कशीही घेतली तरी हृदय जोरात धडधडते आणि रक्तवाहिन्या आवळतात. खर्ऱ्याने फक्त तोंडाचा कर्करोग होतो असे नाही, हृदयालाही तो बाधतो.

दारू. दारूने बीपी वाढतो. गडचिरोलीत १९९३ सालापासून दारूबंदी आहे. त्यासाठी इथल्या बायांनी आणि पुरुषांनी मोठी चळवळ केली. चंद्रपुरात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली ती उठली. कायदा असो वा नसो, आपल्या घरापुरती बंदी आपल्याच हातात आहे.

चुलीचा धूर. हा बहुतेक बाईच्याच वाट्याला येतो. धुराने फुप्फुस खराब होते हे आपण जाणतो. हृदयालाही त्याचा त्रास होतो. शक्य तिथे गॅस वापरावा. चूलच असेल तर धूर बाहेर जाईल अशी वाट ठेवावी.

राहता राहिले वजन. आपल्याकडे अंगाने सडपातळ माणसे जास्त. पण सडपातळ माणसालाही बीपी होतो. म्हणून "मी बारीक, मला कसा होईल?" असे म्हणू नये.

काय करावे?

वयाची तिशी ओलांडली की नवरा-बायको दोघांनी वर्षातून एकदा बीपी मोजावा. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तो फुकट मोजतात. आशाताईला विचारले तर ती दिवस सांगते. जाताना जोडीने जावे. म्हणजे पुरुषाला टाळता येणार नाही आणि बाई मागे राहणार नाही.

मोजण्याआधी अर्धा तास चहा पिऊ नये, खर्रा खाऊ नये. पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली असावी, हात टेबलावर असावा, बोलू नये. दोन्ही आकडे विचारून घ्यावेत. "ठीक आहे" एवढ्यावर उठू नये. आता आपल्याला लिहिता येते. तर घरी वहीत एक पान करावे. एका बाजूला नवऱ्याचे नाव, दुसऱ्या बाजूला बायकोचे. तारीख आणि आकडे लिहावेत. पान पाहिले की लगेच कळेल, कोणाचा रकाना रिकामा आहे.

बीपी निघाला तर डॉक्टर गोळी देतात. आरोग्य केंद्रात नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. गोळी रोज घ्यावी. तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटे निघायचे असते, मोहाच्या दिवसांत अंधारात उठायचे असते, तेव्हा गोळी राहून जाते. म्हणून भाकरीच्या फडक्यातच गोळीची पुडी बांधावी. बाहेरगावी मजुरीला जायचे असेल तर आधीच महिन्याच्या गोळ्या मागून घ्याव्यात.

आणि वेळ आली तर? एक हात किंवा पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो लकवा. छातीत दुखले, जड वाटले, दम लागला, घाम फुटला, तर हृदय असू शकते. १०८ नंबरला फोन करावा. गाडी फुकट येते. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. लकव्याच्या रोग्याच्या तोंडात पाणी किंवा औषध घालू नये, ठसका लागून जीव जातो. लकव्यावर चांगला उपचार पहिल्या साडेचार तासांत होऊ शकतो. हृदयाचेही तसेच, जितके लवकर तितके बरे. पुजाऱ्यावर श्रद्धा असेल तर त्याला मागाहून भेटावे. आधी दवाखाना.

मोठ्या ऑपरेशनाचा खर्च ऐकून घाबरू नये. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत हृदयाचे अनेक उपचार होतात. कोणते हॉस्पिटल त्यात आहे ते आरोग्य केंद्रात विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरात एका जागी ठेवावे. दोघांचीही ठेवावीत.

बचत गटाच्या बायांनीही मनावर घ्यावे. महिन्याच्या सभेत पैशाचा हिशेब होतो. त्यासोबत विचारावे, या महिन्यात कोणाचे काही दुखले? कोणी बीपी मोजला? एखादीला दवाखान्यात जायचे असेल तर तिची चूल आणि गुरे एक दिवस शेजारणीने सांभाळावीत. उद्या आपली पाळी येईल तेव्हा ती सांभाळेल.

शेवटी एवढेच

रोवणी बाई करते. मोह ती वेचते. तेंदू ती तोडते. पोरे ती वाढवते. घराचा निम्म्याहून जास्त भार तिच्यावर आहे. पुरुषही उन्हातान्हात राबतो. दोन बैलांपैकी एकालाच चारा घातला तर गाडी चालत नाही. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग माणसांच्या बाबतीत आपण का विसरतो?

त्या चार दिवसांचा विचार करा. पहिल्याच दिवशी नवरा म्हणाला असता, "चाल, दाखवून येऊ," तर? पित्तच निघाले असते तर हसत परत आले असते. एक दिवसाची मजुरी बुडाली असती. पण पित्त नसते, तर एक जीव वाचला असता.

लक्षात ठेवा

१. बीपी दुखत नाही. तो मोजावाच लागतो.
२. तिशीनंतर नवरा-बायको दोघांनी दरवर्षी मोजावा.
३. बाईलाही हृदयविकार होतो. दम, मळमळ, पाठदुखी, फार थकवा याही त्याच्या खुणा असू शकतात.
४. गरोदरपणात बीपी वाढला होता ही गोष्ट जन्मभर विसरू नये.
५. गोळी रोज घ्यावी. बरे वाटले तरी सोडू नये.
६. मीठ कमी, खर्रा बंद, नस बंद, दारू बंद.
७. पहिल्या तासातच दवाखाना. पुरुष असो की बाई.

वाचून झाल्यावर आपसात बोला

तुमच्या घरात शेवटचा बीपी कोणाचा मोजला? कधी? गेल्या वर्षी तुमच्या गावात लकव्याने कोण गेले? त्यांचा बीपी कधी मोजला होता का? घरातली बाई आजारी पडली तर तिला दवाखान्यात नेण्याचा निर्णय कोण घेते? उद्यापासून त्यात काय बदल करता येईल?